कायद्यात पीएच.डी.: अर्ज भरण्याआधीपासून पदवी हातात पडेपर्यंत

एलएल.एम. संपत आलं की पीएच.डी.चा विचार डोक्यात घोळायला लागतो आणि माहिती शोधायला गेलं की गोंधळ वाढतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परिपत्रकांची रांग असते, त्यातली निम्मी रद्द झालेल्या नियमांवर बेतलेली. सीनियर सांगतात ते त्यांच्या वेळचं असतं. ऑफिसात विचारलं तर "जाहिरात येईल तेव्हा बघा" एवढंच उत्तर मिळतं. मी या सगळ्यातून गेले आहे. महाराष्ट्रातल्या किंवा देशातल्या इतर कुठल्या विद्यापीठात विधी शाखेत पीएच.डी. करू पाहणाऱ्या नवख्यांना ही वाट एका जागी मिळावी, म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवा. सध्या सगळा डोलारा यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या पीएच.डी. नियमांवर उभा आहे. त्याआधीचे २०१६ चे नियम आता लागू नाहीत. यूजीसीचे नियम ही किमान चौकट, तिच्या आत प्रत्येक विद्यापीठ स्वतःचे अध्यादेश काढतं. त्यामुळे दोन्ही डाउनलोड करा, छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे सांगावं लागू नये, पण स्वतःला लागू होणारे नियम मुळातून वाचणारे फार थोडे भेटतात.

१. कशासाठी करायची, ते आधी ठरवा

सहायक प्राध्यापक व्हायचं आहे म्हणून पीएच.डी. "करावीच लागते", असा समज अजून पक्का आहे. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य नाही. त्या पदाला नेट (राष्ट्रीय पातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्य पातळीवरची) ही किमान अट आहे. सहयोगी प्राध्यापकपदासाठी मात्र पीएच.डी. लागते. म्हणजे नोकरीच्या दारात शिरायचं असेल तर आधी नेट-सेट करा. पीएच.डी. हे त्यापुढचं आणि वेगळं काम आहे.

कालावधी किमान ३ वर्षं, कोर्सवर्क (संशोधकांसाठीचा सक्तीचा अभ्यासक्रम) धरून. कमाल ६ वर्षं, प्रवेशाच्या तारखेपासून. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात, म्हणजे एकूण ८. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना आणखी २ वर्षांची सवलत आहे, म्हणजे एकूण १०. महिलांना पूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने गाव बदलावं लागलं, तर महिला संशोधकांना काम दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं, तशी तरतूद नियमांतच आहे. ही कलमं पाठ असू द्या. गरज पडते तेव्हा ऑफिसातल्या माणसाला ती दाखवावी लागतात.

नोकरी किंवा वकिली सांभाळून पार्ट-टाइम पीएच.डी. करता येते. पत्राद्वारे किंवा पूर्ण ऑनलाइन पीएच.डी. मात्र मान्य नाही. "घरबसल्या दीड वर्षात डॉक्टरेट" अशी जाहिरात दिसली की तिथून मागे फिरा. मोठ्या रकमा घालून हाती निरुपयोगी कागद आलेले लोक मी पाहिले आहेत. एम.फिल.ही आता बंद झालं आहे. ती वाट कुणी सुचवली तर ती माहिती जुनी समजा.

२. पात्रता तपासा: ५५ टक्के म्हणजे नेमके किती?

विधी शाखेत साधारणपणे एलएल.एम. आणि त्यात किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट आहे. हे सगळ्यांना माहीत असतं. अडचण येते ती ग्रेड पॉइंटवाल्यांची. तुमच्या गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल, तर त्याचे टक्के कसे काढायचे ते तुमचं जुनं विद्यापीठ ठरवतं, तुम्ही ज्यात प्रवेश घेताय ते नव्हे. रूपांतराचं प्रमाणपत्र जुन्या विद्यापीठातून आधीच काढून ठेवा. इंटरनेटवरचं "सीजीपीए गुणिले दहा" इथे चालत नाही. त्या सूत्राने ५६ येणारा उमेदवार खऱ्या सूत्राने ५४ वर येऊ शकतो.

एक वर्षाचं एलएल.एम. झालं असेल तर विद्यापीठाच्या जाहिरातीतली पात्रतेची ओळ शब्दन् शब्द वाचा आणि शंका असेल तर ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं "हो, चालेल" छाननी समितीपुढे काहीच कामाचं नसतं.

३. नेट, सेट, पेट: दार कुठलं?

विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेला आपण सर्रास 'पेट' म्हणतो. यूजीसीच्या चौकटीत तिचा निम्मा भाग संशोधन पद्धतीवर आणि निम्मा विषयावर असतो. ५० टक्के गुण मिळवणारे मुलाखतीला पात्र होतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट असते. अंतिम यादीत लेखी परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन दिलं जातं. विषयाची तयारी सगळे करतात. संशोधन पद्धतीचा भाग "तेवढं येईल" म्हणून सोडतात आणि तिथेच घसरतात. नमुना निवड, गृहीतक, चल, प्रश्नावली, संदर्भ देण्याच्या पद्धती, डॉक्ट्रिनल (कायदे आणि निकालांवर आधारलेलं) आणि नॉन-डॉक्ट्रिनल (प्रत्यक्ष माहिती गोळा करून केलेलं) संशोधनातला फरक, एवढं नीट करा. पुढे कोर्सवर्कलाही तेच येणार आहे.

२०२४-२५ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरायला सुरुवात झाली. नेटचा निकाल आता तीन गटांत लागतो: जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळालेले, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. जेआरएफवाल्यांची मुलाखत होते. बाकी दोन गटांना नेटच्या गुणांचं वजन ७० टक्के आणि मुलाखतीचं ३०, आणि पीएच.डी.साठी हे गुण एकच वर्ष चालतात. शेवटच्या गटाकडे दुर्लक्ष करू नका. प्राध्यापकपदाची पात्रता हुकली तरी प्रवेशाचं दार उघडं असतं.

जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षांची. एलएल.एम. झालेल्यांना त्यात ३ वर्षांची सवलत आहे आणि गंमत म्हणजे कायद्याच्याच अनेक विद्यार्थ्यांना ती ठाऊक नसते. महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षं. सवलती एकत्र केल्या तरी एकूण ५ वर्षांच्या वर जात नाहीत. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) म्हणून ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा.

जेआरएफ नसेल तरी महाराष्ट्रात राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपचे पर्याय आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासी संशोधकांसाठी टीआरटीआय. यांच्या जाहिराती विद्यापीठाच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाहीत. रजिस्ट्रेशनचं पत्र हातात आल्या दिवसापासून लक्ष ठेवा. आणि सनद असलेल्यांनो, फेलोशिप घ्यायची तर वकिलीचं काय करायचं ते आधी ठरवा. फेलोशिपच्या अटींत दुसरं सवेतन काम चालत नाही.

४. विषय शोधू नका, प्रश्न शोधा

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे. प्रवेश परीक्षेत अडकलेला माणूस पुढच्या वर्षी सुटतो. विषयात अडकलेला सहा-सहा वर्षं अडकून राहतो, कारण त्याच्याजवळ शीर्षक असतं, प्रश्न नसतो.

"भारतातील महिलांचे कायदेशीर हक्क: एक चिकित्सक अभ्यास." असली शीर्षकं प्रत्येक विद्यापीठात ढिगाने सापडतील. यात विचारलंय काय? काहीच नाही. असा विषय घेतला की दुसऱ्या वर्षी तुम्ही वेदकालापासून सुरुवात करता, तिसऱ्या वर्षी आंतरराष्ट्रीय करार उतरवता आणि चौथ्या वर्षी लक्षात येतं की आपण अजून स्वतःचं एकही वाक्य लिहिलेलं नाही.

हाच विषय अरुंद करून बघू. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा घ्या. त्याच्या कलम १२ खाली पीडित महिला दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत पडावी, असं पोटकलम (४) म्हणतं. पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं पोटकलम (५). कलम १३ म्हणतं की नोटीस संरक्षण अधिकाऱ्याने साधारणतः दोन दिवसांत बजावावी. आता प्रश्न विचारा: अमुक जिल्ह्यातल्या दंडाधिकारी न्यायालयांत हे साठ दिवस पाळले जातात का, आणि जात नसतील तर वेळ नेमका कुठे जातो? नोटीस बजावण्यात, संरक्षण अधिकाऱ्याच्या अहवालात, की तारखा वाढवून घेण्यात?

आता शोधायला काहीतरी आहे. प्रत्येक प्रकरणाचा रोजनामा उघडायचा. अर्ज कधी दाखल झाला, नोटीस कधी निघाली, कधी बजावली गेली, कलम २३ खाली अंतरिम आदेश झाला का, कुठल्या तारखेला कोण गैरहजर होतं, हे सगळं रोजनाम्यात ओळीओळीने असतं. तो पाहिला की कायद्याच्या पुस्तकातले साठ दिवस आणि कोर्टातले दिवस यांतलं अंतर डोळ्यांना दिसतं. शिवाय उत्तर काय येईल ते आधी माहीत नाही. उत्तर आधीच माहीत असेल तर संशोधन कशाला करायचं?

सगळ्यांनीच कोर्टात जाऊन नोंदी घ्याव्यात असं मी म्हणत नाही. निव्वळ कायद्याच्या ग्रंथांवर, निकालांवर उभं असलेलं डॉक्ट्रिनल संशोधनही तितकंच भक्कम होतं, पण प्रश्न तिथेही लागतो. याच कायद्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम २(क्यू) मधले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले, २०२० मध्ये 'सामायिक घर' या संकल्पनेचा आधीचा अरुंद अर्थ बदलला. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरात सुनेचा राहण्याचा हक्क आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालचा त्यांचा हक्क, हे दोन समोरासमोर आले की कोणतं तत्त्व वरचढ ठरावं? यावर निकालांची रांग लावून प्रामाणिकपणे वाद घालता येतो.

विषय पक्का करण्याआधी तीन गोष्टी तपासा. शोधगंगावर याच प्रश्नावर प्रबंध आहे का? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे भांडार सगळ्यांना मोफत खुलं आहे. मंजूर झालेल्या सिनॉप्सिससाठी (संशोधन आराखड्यांसाठी) शोधगंगोत्री बघा. दुसरं, लागणारी माहिती तुम्हाला खरोखर मिळेल का? गोपनीय लवादांचे निवाडे किंवा बंद दाराआडच्या प्रकरणांच्या नोंदी यांवर विषय उभा केला तर दोन वर्षं परवानग्यांत जातात. तिसरं, कायदा मध्येच बदलण्याची शक्यता किती? भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी १ जुलै २०२४ पासून नवे तीन कायदे आले. जुन्या कायद्यांवर काम करणाऱ्या कितीतरी जणांना प्रकरणंच्या प्रकरणं पुन्हा मांडावी लागली. ज्यांचा प्रश्न तत्त्वाचा होता, त्यांनी कलमांचे क्रमांक बदलले आणि नव्या तरतुदींवर एक भाग वाढवला. ज्यांचा सगळा प्रबंध एका कलमाच्या शब्दांवर उभा होता, त्यांचे हाल झाले.

५. गाईड निवडताना

नियम थोडक्यात असे. प्राध्यापक एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापक ६ आणि सहायक प्राध्यापक ४ संशोधकांना मार्गदर्शन करू शकतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ राहिलेल्या शिक्षकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणून "सरांनी तोंडी हो म्हटलंय" एवढ्यावर थांबू नका. त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का आणि त्यांची गाईड म्हणून मान्यता कुठल्या संशोधन केंद्रात आहे, हे विद्यापीठाने जाहीर केलेल्या यादीत पाहा.

नावाजलेल्या गाईडपेक्षा तुमचं प्रकरण वाचून परत देणारा गाईड बरा, हे माझं ठाम मत आहे. ते कसं कळायचं? त्यांच्याकडे आत्ता काम करणाऱ्या दोघा-तिघांना भेटा आणि विचारा: पाठवलेलं लिखाण किती दिवसांनी परत येतं? त्यावर लाल शेरे असतात की नुसती सही? आधीच्या किती जणांचे प्रबंध सादर झाले? त्यांचे पेपर वाचा आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेला एक तरी प्रबंध शोधगंगावर उघडून शेवटची दोन प्रकरणं बघा. संदर्भांचा दर्जा आणि निष्कर्षांची धार तिथे लगेच कळते.

पहिल्या भेटीला जाताना दोन पानी टिपण घेऊन जा: प्रश्न काय, तो का महत्त्वाचा, आधी कोणी काय म्हटलंय, माहिती कुठून आणणार. "मॅडम, तुम्हीच एखादा विषय द्या" असं म्हणू नका. दिलेला विषय तुम्हाला पुढची पाच वर्षं ओढावा लागतो, त्यांना नाही.

६. सिनॉप्सिस आणि मुलाखत

सिनॉप्सिसमध्ये प्रस्तावना, प्रश्नाचं विधान, साहित्याचा आढावा, उद्दिष्टं, संशोधन प्रश्न, गृहीतक, पद्धत, व्याप्ती आणि मर्यादा, प्रकरणांची आखणी आणि संदर्भसूची एवढं लागतं. पानांची मर्यादा विद्यापीठ ठरवतं. साहित्याचा आढावा म्हणजे पुस्तकांची यादी आणि प्रत्येकापुढे दोन ओळी सारांश, असं बहुतेक जण करतात. समितीला हवं असतं ते वेगळं: या सगळ्यांनी काय सांगितलं, त्यांचं कुठे जमत नाही, आणि कोणता कोपरा अंधारात राहिला.

प्रकरणांच्या आखणीतही एक साचा घट्ट बसलाय. पहिलं प्रस्तावना, दुसरं इतिहास, तिसरं आंतरराष्ट्रीय स्थिती, चौथं भारतीय कायदा, पाचवं न्यायालयांचा दृष्टिकोन, सहावं निष्कर्ष. हा साचा मोडा. तुमच्या मुख्य प्रश्नाचे तीन-चार उपप्रश्न पाडा आणि प्रत्येकाला एक प्रकरण द्या. इतिहास लागेल तिथे, लागेल तेवढाच येऊ द्या.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: "यात नवीन काय?" याचं उत्तर तीन वाक्यांत आणि न अडखळता देता यायला हवं. दुसरा प्रश्न पद्धतीवर येतो: हाच जिल्हा का, एवढेच निकाल का, हाच कालखंड का? "सोयीचं पडतं" हे खरं कारण असलं तरी पुरेसं नाही. शैक्षणिक कारण तयार ठेवा.

७. कागदपत्रं: एकदाच फाइल करा

मूळ प्रती आणि साक्षांकित छायाप्रती यांच्या वेगळ्या फाइली करा आणि स्कॅन करून क्लाउडवर ठेवा.

– दहावीचं प्रमाणपत्र, पदवी आणि एलएल.एम.च्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं
– सीजीपीए असल्यास टक्केवारीचं प्रमाणपत्र
– विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र
– नेट किंवा सेट प्रमाणपत्र, जेआरएफचं पत्र, पेटचं गुणपत्रक
– जातीचं प्रमाणपत्र, जातवैधता, चालू मुदतीचं नॉन-क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
– शिक्षणात खंड असल्यास त्याचं प्रतिज्ञापत्र
– नाव बदललं असल्यास राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र
– नोकरी करत असाल तर एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र)

एनओसीवर बरेच जण अडकतात. "आमची हरकत नाही" एवढंच लिहून आणलं की विद्यापीठ परत पाठवतं. पार्ट-टाइम संशोधनाला परवानगी आहे, कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल, हे तिन्ही मुद्दे त्यात हवेत. मसुदा स्वतः करून न्या, म्हणजे एका फेरीत काम होतं. नॉन-क्रीमीलेयरची मुदत प्रवेशाच्या ऐन तोंडावर संपलेली असते, तीही आजच बघून ठेवा.

८. कोर्सवर्क

किमान १२ क्रेडिट आणि ५५ टक्के गुण, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा अभ्यासक्रम सक्तीचा. याला निव्वळ औपचारिकता समजू नका. याच काळात संदर्भ व्यवस्थापनासाठी झोटेरो शिकून घ्या आणि ब्लूबुक, ऑस्कोला किंवा तुमच्या विद्यापीठाने ठरवलेली संदर्भपद्धती पहिल्या दिवसापासून वापरा. शेवटी हजार तळटीपा दुरुस्त करत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

९. प्रत्यक्ष काम

निकालांसाठी एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्रा विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळतात, घरून लॉगिन मिळतं का ते विचारा. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे २०२३ पासून ई-एससीआरवर मोफत आहेत. त्याच वर्षापासून 'आयएनएससी' हा तटस्थ संदर्भ क्रमांकही आला आहे, तो जरूर द्या. केंद्राचे कायदे इंडिया कोडवर, प्रलंबित खटल्यांची आकडेवारी नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर. संविधान सभेच्या चर्चा आणि विधी आयोगाचे अहवाल मुळातून वाचा, दुसऱ्याच्या पुस्तकातल्या अवतरणावरून नव्हे.

एआयने सुचवलेला एकही निकाल मूळ प्रत उघडल्याशिवाय तळटीपेत घालू नका. अस्तित्वात नसलेले खटले कोर्टात सादर केल्याबद्दल न्यूयॉर्कमधल्या वकिलांना २०२३ मध्ये दंड झाला. प्रबंधात असा एक जरी खटला सापडला तर बाकीच्या मेहनतीवरचा विश्वास उडतो.

कोर्टातल्या नोंदी पाहायच्या असतील तर प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या नावे अर्ज करा. सोबत विभागप्रमुखांचं पत्र, गाईडची सही, कोणत्या प्रकारच्या फाइली, कोणता कालखंड, आणि पक्षकारांची नावं प्रबंधात येणार नाहीत याची लेखी हमी. परवानगीला वेळ लागतो, म्हणून कोर्सवर्क चालू असतानाच अर्ज टाका. सरकारी कार्यालयांकडची आकडेवारी माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात "सविस्तर माहिती द्यावी" असं मोघम न लिहिता वर्ष, तालुका आणि हवा असलेला आकडा असं तुकड्यातुकड्यांनी विचारा. मुलाखती घेणार असाल तर संमतीपत्र मराठीत करा आणि ते वाचून दाखवा. पीडित महिलेशी बोलताना तिला कधीही थांबता येईल हे सांगणं ही आपली जबाबदारी आहे, ती नैतिक समितीच्या फॉर्मपुरती नाही.

१०. आरएसी आणि पेपर

संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, दर सत्राला प्रगती मांडावी लागते. समिती असमाधानी असेल तर कारणं नोंदवते, आणि सुधारणा झाली नाही तर रजिस्ट्रेशन रद्द करण्याची शिफारसही करू शकते. प्रत्येक बैठकीनंतर मिळालेल्या सूचना ईमेलने गाईडला पाठवा: "आज या सूचना मिळाल्या, मी असं करणार आहे." समितीचे सदस्य बदलतात आणि नवा सदस्य नेमकं उलटं सुचवतो. तेव्हा ही ईमेलच तुमच्या बाजूने उभी राहते. शीर्षकात बदल हवा असेल तर तो इथूनच आणि वेळेत मंजूर करून घ्या.

पेपर छापण्याची अट २०२२ च्या यूजीसी नियमांत राहिली नाही, पण अनेक विद्यापीठांच्या अध्यादेशांत ती आहे. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे. आठ दिवसांत छापतो आणि अमुक रक्कम भरा म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. नामांकित नियतकालिकाच्या नावाने खोटी संकेतस्थळंही फिरतात. छापील अंकावरचा पत्ता आणि संकेतस्थळ जुळतं का ते बघितल्याशिवाय काहीही पाठवू नका.

११. प्लॅजरिझम आणि सबमिशन

२०१८ च्या यूजीसी नियमांनुसार दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. कायद्याच्या प्रबंधात कलमांचे उतारे आणि निकालांतली अवतरणं भरपूर असतात, त्यामुळे सॉफ्टवेअरचा पहिला आकडा बघून घाम फुटतो. घाबरू नका. कायद्यांचा मजकूर, योग्य संदर्भासह दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे तपासणीतून वगळायचे असतात, असं त्याच नियमांत आहे. रिपोर्ट काढताना हे वगळलं गेलंय का ते ग्रंथपालांसोबत बसून पाहा. निकालाची अख्खी पानं उतरवण्याची सवय मात्र सोडा. न्यायाधीशांचं एक कळीचं वाक्य घ्या आणि बाकीचं स्वतःच्या शब्दांत मांडा.

सबमिशनच्या आधी आरएसीपुढे सादरीकरण होतं आणि ते बाकीचे शिक्षक आणि संशोधक यांनाही खुलं असतं. तिथे आलेले आक्षेप सोन्यासारखे असतात, बाह्य परीक्षकही बहुधा तेच विचारतात. मग गाईडचं प्रमाणपत्र, तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र, रिपोर्ट, फी थकलेली नसल्याचा दाखला आणि बांधलेल्या प्रती. रजिस्ट्रेशनच्या पत्रावरचं शीर्षक आणि मुखपृष्ठावरचं शीर्षक अक्षरशः एकच हवं. एका शब्दाच्या फरकाने परत आलेला प्रबंध मी पाहिला आहे.

१२. व्हायवा आणि त्यानंतर

प्रबंध गाईडशिवाय किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. एकाने नाकारला तर तो तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवतात. दोन्ही अहवाल अनुकूल आले की व्हायवा (तोंडी परीक्षा), तोही सर्वांसाठी खुला. सादर केल्यापासून सहा महिन्यांत ही सगळी प्रक्रिया संपावी असं नियम सांगतो. उशीर होत असेल तर नियमाचा क्रमांक देऊन परीक्षा विभागाला नम्र स्मरणपत्र लिहा, दर महिन्याला एक.

व्हायवाच्या आधी परीक्षकांचे अहवाल मिळाले तर त्यातल्या प्रत्येक मुद्द्यावर अर्धं पान उत्तर लिहून काढा. सबमिशननंतर आलेले महत्त्वाचे निकाल वाचून जा, कारण मधल्या काळात कायदा पुढे सरकलेला असतो आणि परीक्षकांना ते माहीत असतं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर प्रबंधात नसेल तर "माझ्या व्याप्तीत ते नव्हतं, कारण..." असं स्पष्ट सांगा. ओढूनताणून दिलेलं उत्तर लगेच उघडं पडतं.

व्हायवा झाल्यावर अधिसूचना निघते. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगासाठी द्यावी लागते, ती दिल्याची पोच घ्या. आणि पदवी यूजीसीच्या नियमांनुसार दिली आहे असं स्पष्ट नमूद असलेलं तात्पुरतं प्रमाणपत्र त्याच फेरीत मागून घ्या. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत छाननीच्या टेबलावर नेमका तोच कागद मागतात, आणि मागाहून तो काढायला गेलं की पुन्हा अर्ज, पुन्हा चलन, पुन्हा तीच खिडकी.